कागदावरची सुगरण

मी जन्मात जिचा सगळ्यात जास्त हेवा केला, ती बाई कधी जन्मालाच आली नव्हती. ती एका कादंबरीत राहायची आणि रोज दुपारी आमच्या घरी यायची.

तिला आणायची माझी धाकटी जाऊ. एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरातलं आमचं विणकरांचं घर. पुढच्या खोलीत माग चालायचे आणि मागच्या पडवीत सासूबाई, शेजारणी चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हात गुंतलेले, कान मोकळे. धाकटी मॅट्रिक झालेली. ती इतवारीतल्या वाचनालयातून पुस्तकं आणून मोठ्यानं वाचायची. तेवढा वेळ तिला कांड्या माफ. मला चूल कधी माफ नव्हती. मीही सातवीपर्यंत शिकले होते, पण ज्या बाईला स्वयंपाक येतो तिला वाचता येतं का, हे कोण विचारतं?

त्या कादंबरीत नवऱ्यानं टाकलेली एक बाई खानावळ काढते. तिच्या हातचं जो खाईल त्याचं काहीतरी होतं. कवडीचुंबक सावकार दोन घास खातो आणि भावाचं हडपलेलं शेत परत करतो. मुकी पोर ताक पिते आणि गाऊ लागते. रांधता रांधता त्या बाईलाही उमगत जातं की आपण कोणाच्या टाकण्यानं टाकाऊ होत नाही. हे असं कसं होतं, असं पडवीत कोणी विचारलं नाही. सगळ्यांना पटायचं. मलाही पटायचं, आणि त्याचीच चीड यायची.

कारण मला ती कादंबरी चुलीपाशी अर्धीच ऐकू यायची. ऐन मोक्याला माझी फोडणी तडतडायची आणि सावकार काय म्हणाला ते तेलात जायचं. शिवाय त्या बाईला कधी भांडी घासावी लागत नव्हती, ओल्या लाकडांचा धूर तिच्या डोळ्यांत जात नव्हता. आणि खाणारा पहिल्याच घासाला विचारायचा, हा हात कोणाचा? माझ्या मते त्या पुस्तकाची खरी जादू एवढीच होती, बाकी सगळा मीठमसाला. दुसऱ्याच्या घरात उभा जन्म रांधणाऱ्या बाईला आणखी काय हवं असतं? मला तर सासूबाईंच्या तोंडून एकदा ‘चांगलं झालं’ ऐकायचं होतं. लग्नाला बारा वर्षं होऊन गेली होती. बिघडलं की माझं माहेर निघायचं, जमलं की ढेकर.

त्याच सासूबाई एका दुपारी त्या कागदी बाईच्या गोळाभातावर रडल्या. डाळीच्या भरड्याचे गोळे, मोकळा भात, वरून कडकडीत तेलाची फोडणी. धाकटीनं असं रंगवून वाचलं की सासूबाईंनी चरखा थांबवून पदर डोळ्यांना लावला. “माही माय असाच करे,” त्या म्हणाल्या.

तासाभरापूर्वी त्या माझ्या हातचा गोळाभातच जेवल्या होत्या. मी आत परात अशी आपटली की मागावरून नवऱ्यानं विचारलं, “काय पडलं वं?”

मग एकदा धाकटीचा घसा बसला. सासूबाईंनी मला हाक मारली. “तूच वाच वं आज. सातवी शिकली म्हनत होता तुहा बाप.”

मी हात पुसून बाहेर आले. धाकटी पुस्तक सोडेना. “बाईले सैपाक हाये, राहू द्या,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मला ती ‘बाई’च म्हणायची. मला वाटलं, वाचणारीचा मान जाईल म्हणून धरून बसली आहे. मी पुस्तक ओढून घेतलं आणि खूण होती तिथून ठसक्यात वाचू लागले. बाई समुद्रावरून घरी आली. तिनं नारळाचं दूध काढलं. त्यात सुरमईचे तुकडे सोडले.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “हे काय वाचून राहिली? काल तर पाटोडीचा रस्सा शिजून राहिला होता.”

मी मागची पानं चाळली. तिथंही नारळ, तिथंही मासे. आमच्याकडच्या पदार्थाचा कुठं पत्ता नव्हता.

धाकटी खाली मान घालून म्हणाली, “पुस्तकात तेच हाये, आत्याबाई. नारळाच्या दुधात काय कळते इथं कोनाले? म्हनून मी आपलं बदलून सांगत होती.”

“मंग तो गोळाभात कोनाचा होता?”

“या आपल्या बाईचा,” धाकटीनं माझ्याकडे बोट केलं. “ त्या सकाळी जे रांधत, तेच मी दुपारी पुस्तकातल्या बाईच्या चुलीवर ठेवत होती.”

शेजारीण खुदकन हसली. मला आनंद व्हायला हवा होता. उलट मी आणखीच जळले. माझाच भात धाकटीच्या तोंडून डोळ्यांत पाणी आणतो आणि माझ्या हातून नुसता ढेकर.

सासूबाईंनी हातातली कांडी भरून पुरी केली. मग म्हणाल्या, “उद्या कर वं गोळाभात. चाखून पाहू दे.” बारा वर्षं खाऊन झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी जीव ओतला. भरडा ताजा दळला, चिंचेचं सार केलं, तेल धुरावेपर्यंत तापवलं. सासूबाईंनी डोळे मिटून घास घेतला. मी हातात पळी घेऊन समोर उभी.

“चांगला झाला,” त्या म्हणाल्या.

मग बोटं चाटत धाकटीकडे वळल्या. “पन तू सांगत होती, तो याच्याहून चांगला होता.”