गिरणीचा सुटलेला पट्टा

भात भरडलं की कोंडा उडतो. संध्याकाळी झाडा, सकाळी पुन्हा हाय तसाच. गिरणीतल्या गोष्टींचं तेच. शिवथरच्या वाटेवर माझी भाताची गिरण. शाळा चौथीपर्यंत, पण पैसा, बाजार, जग कुठं चाललंय, यावर इथं एवढी बडबड चालते की मोटारीचा आवाज ऐकू येत नाय!

*

पोरगा दिनेश डोंबिवलीला असतो. मोबाईलवर पैसे घ्यायचा स्टिकर त्यानं भिंतीला लावून दिला. आठवड्यात त्यावर कोंडा बसला. एक मुंबईकर पाव्हणा भात भरडून झाल्यावर पैसे द्यायला फोन वर, खाली, तिरका धरून दमला.

"काका, स्कॅन होत नाही."

"फडक्यानं पूस."

पुसलं, तर रेंज गेली.

"आता?"

"आता शेरभर तांदूळ ठेव नि जा."

"हे चालतं?"

"तांदळाला रेंज लागत नाय!"

*

कॉलेजच्या दोन पोरी पाहणीला आल्या. पन्नास वर्षांनी काय असेल, ते विचारत फिरत होत्या. माझे गुडघे बघायचे तरी आधी!

"आजोबा, भांडवलशाही टिकेल का?"

"ती कोण?"

कांबळे गुरुजी, रिटायर मास्तर, बाजूला चहा पीत होते. म्हणाले, "अरे, यंत्र एकाचं, पैसे मोजायचे बाकीच्यांनी. म्हणजे तुझी गिरण."

"मग नाय टिकत. पट्टा सुटलाय!"

पोरींनी लिहून घेतलं.

*

एकदा सुट्या पैशांवरून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बलुतं होतं तेच बरं. काम करा, धान्य न्या. कटकट नाय."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "तुला बरं. माझी आजी तुमच्या खळ्यावर पदर पसरायची, तुम्ही वरून टाकायचात. शिवायला नको म्हणून! माझा पहिला पगार मला हातात मिळाला. बलुतं परत आणणार असशील तर उद्यापासून मी चहाला येत नाय."

मी पाठ फिरवून यंत्रात भात ओतायला लागलो. मोटार चालू होती म्हणून बरं.

जाताना वळून म्हणाले, "पुढं काय यायचं ते येऊ दे रे. हातात मिळालं पायजे."

तेव्हापासून ते कुसळासारखं टोचतंय.

*

मग दिनेशनं गिरणीला गिऱ्हाईक आणलं. आंबेनळी घाट उतरून आलेला. गाडी पांढरी, बूट पांढरे. गिरण पाडून गोदाम बांधायचं.

"बाबा, ह्याला फ्युचर नाय."

खोटं काय बोलू? पट्टा दोरीनं बांधलेला. पाव्हण्यानं विसाराचं पाकीट पुढं केलं. मी हात उचलला.

तेवढ्यात वरच्या वाडीची सखूबाई डोक्यावर भाताचं पोतं घेऊन आत शिरली. "ओ पाव्हणं, रांग हाय! माझं भात होऊ दे, मंग तुमचं."

"मी भरडायला नाही आलो."

"मंग गिरणीत काय लगीन लावायला आलात?"

मी हात मागं घेतला, बटण दाबलं. पट्टा दोनदा सुटला. दोन्ही वेळा मोटार थांबवून दिनेशनंच चढवला. शर्टाची पार वाट! तांदूळ पडायला लागला तशी सखूबाईनं मूठ भरली नि पाव्हण्यापुढं धरली.

"घ्या, हातात घ्या. गरम हाय."

त्यानं पाकीट काखोटीला मारलं नि ओंजळ केली. कोपऱ्यात चहा घेऊन बसलेले गुरुजी बघत होते.

दिनेश पट्ट्याची दोरी चाचपत म्हणाला, "बाबा, ह्या मापाचा पट्टा महाडात मिळतो काय?"