पाच नंबरची काच

"दिसते कीं!" असं म्हणत मामा दुकानाच्या पायरीवर उभे राहायचे, काळी काच डोळ्यांसमोर धरायचे आणि थेट सूर्याकडे बघायचे. सूर्य हिरव्या लिंबासारखा दिसला की काच पास. आमच्या कुंभकोणमच्या दुकानात वेल्डिंगची काच निवडायची हीच रीत होती. हसू नका. मी स्वतः गिऱ्हाइकांना हीच रीत शिकवत होतो.

ते माझे मामा नव्हेत. हार्डवेअरच्या दुकानात मी काउंटरवर बसायचो आणि अख्ख्या रस्त्यावर मराठी बोलणारी आमची दोनच घरं. मालकासमोर तमिळ, मालक जेवायला गेले की आमची जुनी तंजावरी मराठी. तुमच्या पुण्याच्या माणसाने ऐकली असती तर शिवाजी महाराजांच्या काळातून कुणी आलं की काय, असं त्याला वाटलं असतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मामा कामाला होते तो कारखाना बंद पडला आणि त्यांनी एक जुनं वेल्डिंग मशीन घरामागच्या पडवीत आणून बसवलं. बाहेरगावी काम मिळत होतं, पण त्यांची थोरली बहीण, अक्का, पडून कमरेखाली लुळी झाली होती. आई गेल्यावर दोन वर्षांच्या मामांना तिनेच वाढवलेलं. तिला उचलायला, पुसायला, भरवायला घरात दुसरं कुणी नव्हतं. मामांनी लग्नच केलं नव्हतं. म्हणून खिडक्यांचे गज आणि फाटकं घरीच जोडायची, आणि त्यावर दोघांनी जगायचं.

तोवर ते काच बसवलेली, हातात धरायची ढाल वापरत. एक हात ढालीला, एक हात सळीच्या होल्डरला. "आणि लोखंड कोण धरेल, शेजारी?" असं म्हणून ते हेल्मेट घ्यायला आले. नवरामुलगा पगडी निवडतो तसं त्यांनी दुकानातलं प्रत्येक हेल्मेट डोक्यावर घालून पाहिलं. आत शिरून माझ्याशी बोलले, तमिळमध्ये धाकट्या भावाला म्हणतात तसं "तंबी, आवाज येतो कां?" असं विचारून झालं. शेवटी कपाळाला न रुतणारं एक पसंत पडलं.

हेल्मेट कपाळावरून तोंडावर पाडायला मानेला हिसका द्यावा लागतो. तो हिसका त्यांच्या अंगात असा मुरला की रिकाम्या डोक्यानेही मान हलायची. भाजीवालीने "दोन किलो देऊ?" म्हणून विचारलं की मान हलली, आणि दोन माणसांच्या घरात दोन किलो वांगी. अक्का आठवडाभर वांगी खाऊन त्यांना शिव्या द्यायची.

अक्काच्या खाटेवरून पडवी दिसायची. ठिणगीचा उजेड तिच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी मधल्या दारावर दुहेरी गोणपाट लावलं होतं. स्वतःच्या डोळ्यांचं मात्र काही नाही. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, मग बटाट्याच्या चकत्या ठेवून झोपायचं, की सकाळी पुन्हा काम.

पहिली काच अकरा नंबरची नेली होती. नंबर जेवढा मोठा तेवढी काच काळी. वर्षभरात ते दहा नंबर मागायला आले, मग नऊ. सांधा नीट दिसत नाही म्हणायचे. नव्वद साल उलटल्यावर एक दिवस म्हणाले, "पांच दे."

"मामा, ती गॅस-वेल्डिंगवाल्यांची काच. तुमच्या कामाला चालत नाही."

"डोळे म्हातारे झाले रे. काच तरुण पाहिजे."

मी हसलो आणि काच दिली. हो, दिली. ती घेऊन ते पायरीवर गेले आणि सवयीने सूर्याकडे बघत उभे राहिले. पाच नंबरमधून सूर्य हिरवा लिंबू दिसत नाही, तो डोळ्यात घुसतो. मी काउंटरवरून नुसता बघत होतो. आज मला काउंटरवरच्या त्या मुलखाच्या गाढवाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

पुढे एकदा ते दुकानात आले आणि मान वाकडी करून माझ्या खांद्यापलीकडे बघत बोलू लागले. मी विचारलं, "तिकडे काय आहे?"

"तुझें तोंड दिसत नाहीं रे. कान दिसतात."

मी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघू दे, अशी मी वाटेतल्या प्रत्येक देवळाला विनवणी केली. मोतीबिंदू काढता तरी येतो. डॉक्टरांनी बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "सूर्याकडे बघायची सवय आहे का?" मामांनी मान माझ्याकडे वळवली. पडद्याचा मधला भाग जळाला होता. कडेचं दिसणार, समोरचं दिसणार नाही. औषध नव्हतं.

बाहेर आल्यावर मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "अक्काला सांगूं नको. काम गेलें तर तिला काय घालूं? माझें मला चालेल. तिला काय घालूं, सांग." रस्त्यातली माणसं बघायला लागली. मी "सरि, सरि", बरं बरं, म्हणत राहिलो.

दोनेक महिन्यांनी ते पुन्हा आले आणि अकरा नंबरची काच मागितली.

"आता कुणाला?"

"अक्काला."

मला काही समजेना. संध्याकाळी मीच काच घेऊन त्यांच्या घरी गेलो. गोणपाट काढलेलं होतं. अक्का उशीला टेकून खाटेवर पडली होती. मामा हेल्मेट घालून उकिडवे बसले होते. अक्काने काच माझ्या हातातून घेतली, डोळ्यांपुढे धरली आणि म्हणाली, "हां, लाव." ठिणगी पेटली. "वर. हळू. थांब, भोक पडेल. आतां खालीं ये." मामा तिच्या शब्दासरशी हात हलवत होते. तिच्यापासून त्यांनी लपवलेलं तिला केव्हाच कळलं होतं. तिने कारण विचारलं नाही, फक्त काच मागितली.

असं त्या दोघांनी तीन वर्षं काम केलं. सांधे पूर्वीसारखे देखणे नव्हते, पण धरून राहायचे. अक्का बोलून बोलून दमायची. ती दमली की मामा थांबायचे, तिला पाणी पाजायचे आणि पुन्हा बसायचे.

मार्गळी महिन्यात, तुमच्या मार्गशीर्षाच्या सुमारास, अक्का गेली. तेरावा झाल्यावर मामांनी निरोप पाठवला. तिरुवलंचुळीच्या एका घराचं फाटक अर्धं राहिलं होतं. "तूं बस," ते म्हणाले. "तुला दिसतें. तूं सांग."

खाट काढून टाकली होती. मी एक डबा उपडा करून त्यांच्यासमोर बसलो आणि अक्काची काच डोळ्यांपुढे धरली. ठिणगी सांध्यावरून सरकायला लागली. मी ओरडलो, "डावीकडे! डावीकडे!" हात जोरात डावीकडे गेला. मी समोर बसलो होतो. माझं डावं ते त्यांचं उजवं. सळी त्यांनी लोखंड धरलेल्या बोटांवर गेली.

ते ओरडले नाहीत. हेल्मेट काढून बोटं तोंडात धरून बसले. मग म्हणाले, "तुझी चूक नाहीं रे. अक्का डावें-उजवें म्हणायची नाहीं. भाताचा हात म्हणायची. लहानपणीं तिनेंच शिकवला होता मला, कोणत्या हातानें खावें तें."

मी म्हणालो, मी रोज येईन, मलाही जमेल. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मशीन घरघरत होतं. ते बंद करायला मागे वळून ते भिंतीवर खटका चाचपू लागले. खटका मला दिसत होता. हातभर अंतरावर होता. पण तो त्यांच्या कोणत्या हाताला आहे, हे सांगायला माझं तोंड उघडेना.