इंटरनेटवरचा मुराळी

“कोणी शे का घरमा?”

संगणकासमोर बसल्या की मॅडम आधी हे टाइप करायच्या. इंग्रजी अक्षरांत, एका बोटाने, चष्मा कपाळावर सरकवून. मग हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत राहायच्या. इंटरनेटवर गप्पा मारण्याच्या ज्या खोल्या त्या काळी निघाल्या होत्या, त्यांत लोक सरळ घुसायचे आणि बोलायला लागायचे. मॅडमना ते अजिबात पटायचं नाही. “दुसऱ्याच्या दारात गेल्यावर आधी हाक मारायची की नाही?” असं त्या मलाच विचारायच्या, जसं काही इंटरनेट मीच काढलं होतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळत होतो. चपला बाहेर काढून आत यायचं, हा तिथला पहिला नियम. एसी फक्त माझ्याच लॅबला होता, त्यामुळे एप्रिल लागला की अर्ध्या स्टाफला अचानक कॉम्प्युटर शिकायची हौस यायची. येऊन बसायचे आणि पाच मिनिटांत घोरायचे. मी मुळातला तिरसट माणूस, एकेकाला हाकलून काढायचो. मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनाही म्हणालो, “झोपायचं असेल तर स्टाफरूममध्ये.”

“झोपायला नाही आले. अभ्यास करायचाय,” त्या म्हणाल्या.

“कसला?”

“या खोल्यांमध्ये माणसं एकमेकांशी कशी वागतात, त्याचा.”

त्या समाजशास्त्र शिकवायच्या. वय चाळिशीच्या आसपास, गाव साक्रीकडचं. विद्यापीठात पीएच.डी.साठी त्यांनी हाच विषय नोंदवला होता: संगणकाच्या जाळ्यावरची माणसं, त्यांची भाषा, त्यांचे रीतिरिवाज. त्यांचे मार्गदर्शक भल्या मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते. ते सगळ्यांसमोर म्हणायचे, “बाई, हा समाजशास्त्राचा विषय नाही, वायरमनचा आहे.” मॅडमही सगळ्यांबरोबर हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लॅबमध्ये हजर व्हायच्या.

“काय लॅबवाले, आज मशीन खुशीत शे का?”

मशीन खुशीत असलं तरी लाईन नसायची, कारण फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर. प्राचार्यांनी घरी भाजी काय केली ते विचारायला रिसीव्हर उचलला, की आमचं इंटरनेट मेलंच. मी चिडून टेबलावर हात आपटायचो. मॅडम मात्र शांत. म्हणायच्या, “हेही लिहिलं पाहिजे. तिकडच्या माणसाला वाटणार, ही बाई न सांगता उठून गेली. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आमच्या साहेबांच्या घरी आज शेवभाजी आहे!”

हळूहळू मलाही त्यांच्या अभ्यासाची गोडी लागली. तिकडे नाव कोणतंही घेता येतं, वय कोणतंही सांगता येतं, मग माणूस खरं काय बोलतो? त्यांचं उत्तर असं, की भूक, झोप आणि आई, या तीन गोष्टींबद्दल माणूस तिथेही खोटं बोलत नाही. परदेशात गेलेल्या आपल्याकडच्या कुणा अनोळखी पोराला त्या “जेवनात का?” विचारायच्या आणि तो पोरगा धडाधडा सगळं सांगत सुटायचा. बाकी गर्दीबद्दल त्यांचं मत एका वाक्यात असायचं. “बठ्ठा बोलतस, आयकत कोनी नही.”

स्वतःबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत. मला कळलं ते कॉलेजच्या शिपायाकडून. लग्न शिरपूरकडे झालं होतं. नवरा मारायचा. एक दिवस ह्या उठल्या आणि निघून आल्या, पुढे शिकल्या, नोकरीला लागल्या. आईवडील तोवर गेले होते. घरात भाऊ. त्याने सांगून टाकलं, “जिला सासर नाही तिला माहेर कशाला?” तेव्हापासून आखाजीला त्यांना न्यायला कोणी आलं नव्हतं.

आपल्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, काय असते ते तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तरी चालतं, आखाजीला आलीच पाहिजे. झोके बांधायचे, गाणी म्हणायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. पण लेकीने आपल्या पायाने जायचं नाही. भावाने न्यायला जायचं. तो मुराळी. भाऊ नसेल तर गावातला, भावकीतला कोणीही चालतो. आणि मुराळ्याबरोबर आलेल्या लेकीला दारातून परत पाठवायची कोणाची छाती होत नाही. मॅडमना एवढंच हवं होतं. गावाकडचा कोणीतरी सोबत यावा, म्हणजे भावाला दार लावून घेता येणार नाही.

आणि असा एक माणूस त्यांना त्या खोलीत भेटला. बोलणं अहिराणी. म्हणे साक्रीच्याच बाजूचा, आता आखातात कुठल्याशा कंपनीत. उन्हाळ्यात सुट्टीवर येणार होता. एक दिवस गप्पा मारता मारता त्याने विचारलं, आखाजीला माहेरी जाता की नाही? मॅडमनी खरं ते लिहिलं. तिकडून उत्तर आलं, “अक्का, यंदा आखाजीले मी येसू तुमले लेवाले.”

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा वाचलं आणि मला म्हणाल्या, “लॅबवाले, हे छापून द्या ना जरा.”

मला तेव्हाच बोलायचं होतं, की अहो, त्याचं नाव तरी खरं आहे का? पण त्यांचा चेहरा बघून जीभ रेटेना. दोन महिने ही बाई हवेत चालत होती. कॉलेजच्या पत्त्याचा, येण्याच्या दिवसाचा निरोप तिने त्याला पाठवला. भावाच्या मुलांसाठी कपडे आणले, वहिनीसाठी हिरवं पातळ. गावाकडची माणसं शब्द देतात ना, त्यातही मुराळ्याचा शब्द कोणी थट्टेत देत नाही, एवढाच तिचा हिशेब.

आखाजीच्या आदल्या दिवशी त्या सकाळीच बॅग घेऊन लॅबमध्ये आल्या. केसांत मोगरा. परीक्षा चालू होत्या म्हणून लॅब उघडी होती. दारात पावलं वाजली की बघायच्या. एकदा पोस्टमन आला, एकदा पाण्याच्या कूलरचा माणूस. दुपार झाली, ऊन असं की डांबर पायाला चिकटावं. मला जामनेरला माझ्या बहिणीला आणायला जायचं होतं, बस गाठायची होती, आणि या बाईला सोडून पाय निघेना.

“जा हो तुम्ही. बहीण वाट बघत असेल,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही चला ना आमच्याकडे.”

“तो आला न् मी नसले तर?”

जामनेरला बहीण ओट्यावर बॅग घेऊनच बसली होती. उशीर केला म्हणून आधी मला चार शिव्या घातल्या. परतीच्या बसमध्ये तिला सगळं सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती. जळगाव स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, “आधी त्यांच्याकडे चल.”

मॅडम कॉलेजमागे एका खोलीत भाड्याने राहायच्या. दार उघडंच होतं. आत त्या पलंगावर बसल्या होत्या, पायाशी बॅग. बहिणीने ना नाव सांगितलं ना गाव. सरळ बॅग उचलली आणि म्हणाली, “चला अक्का.”

मॅडमनी बॅगेचा दुसरा बंद धरला. “नको गं. तुमच्याकडे एरवी येईन, हजारदा येईन. पण आखाजीला बाई परक्याच्या घरी दिसली, की तिचं कोणी नाही हे सगळ्या गल्लीला कळतं.” हे बोलल्या आणि रडायला लागल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कुठे बघावं ते मला कळेना.

बहिणीने बॅग खाली ठेवली. उघडली. घड्या केलेल्या साड्या एकेक करून परत दोरीवर टाकल्या. मग स्वतःची बॅग पलंगाखाली सरकवली आणि मला म्हणाली, “आईला सांग, मी इथेच थांबतेय.”

आईने मला जे सोलून काढलं ते विचारू नका. “वर्षात एकदा लेक येते, आणि ती तू वाटेत ठेवून आलास? गाढवा!” पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच रसाचा डबा भरला, फडक्यात पुरणपोळ्या बांधल्या, वर कुरडया ठेवल्या आणि म्हणाली, “दोघींना पुरेल एवढं आहे. सांडू नको.”

मी पोचलो तेव्हा मागच्या अंगणात कडुलिंबाला दोर बांधलेला होता. घरमालकाच्या मुली जमल्या होत्या, बहीण झोका देत होती आणि मॅडम पदर खोचून झोक्यावर. गात होत्या. त्यांना गाता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आवाज चांगला होता, थोडा घोगरा.

आखातातल्या माणसाचा निरोप पंधरा दिवसांनी आला. रजा मिळाली नाही, सॉरी अक्का, आणि पुढे दोन ठिपके आणि कंस घालून केलेलं हसू. माझं डोकं फिरलं. म्हटलं, “सांगा मला काय लिहू याला.” मॅडम म्हणाल्या, “काही नका लिहू. तिथे दिलेला शब्द त्या वेळेपुरती सोबत असते. पुढे त्याचं काही देणं लागत नाही. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात मीच हे लिहून ठेवलंय बघा. सगळं ठाऊक होतं. पण अहिराणीत बोलला हो तो.” मग स्वतःच त्याला उत्तर टाइप केलं: जेवनात का?

त्यांना डॉक्टरेट मिळाली. मार्गदर्शकांनी पेढे खाल्ले आणि हा विषय आपणच सुचवला होता, असं सगळ्यांना सांगितलं. पुढे मॅडम विदर्भातल्या एका विद्यापीठात गेल्या. सुरुवातीला ईमेल यायचे, बहिणीची चौकशी असायची. ती दर आखाजीला त्यांना बोलवायची आणि त्या दर वेळी काहीतरी काम सांगायच्या. मग ईमेल विरळ झाले.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या एका विद्यार्थ्याने कळवलं. आजार फार दिवसांचा नव्हता. मी बहिणीला फोन केला. तिने विचारलं, “तिथे कोण होतं तिच्याजवळ?”

“विद्यार्थी होते. आणि भाऊ आला होता म्हणे साक्रीहून. गाडी करून आला, आणि तिला गावी घेऊन गेला.”

“आला का बाई शेवटी,” बहीण म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.