संडासाच्या गॅसवरची भाकरी

शेणाची मला किळस येत नाही, असं सांगणारी बाई खोटं बोलते. मी शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेतकऱ्याच्याच घरात मला दिली. गोठा झाडला, गोवऱ्या थापल्या, सगळं केलं. पण सकाळी उठून कोपरापर्यंत हात शेणाच्या पाण्यात घालायचे, गाठी फोडायच्या, आणि त्यात एखादी वळवळती अळी बोटाला लागली की अजूनही हात झटकून मागं सरते. पेपरात छापून येतं, शेणापासून स्वच्छ ऊर्जा. ज्यानं लिहिलं त्याला म्हणावं, ये बाबा एकदा आमच्याकडं, घाल शेणाच्या हौदात हात, आणि मग सांग स्वच्छ कशाला म्हणतात ते.

आमच्या घरात हा गोबरगॅस आला तो आत्याबाईंच्या छातीपायी. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी उमर चुलीपुढं गेली त्यांची. तुराट्या, पऱ्हाट्या, सोयाबीनचं भुसकट, गोवऱ्या, शेतातून जे फुकट येईल ते चुलीत. त्या फुकटाचा धूर छातीत बसला. ओसरीवरून अंगणात यायचं तर मधे खांबाला धरून उभं राहायच्या. सोलापूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला आणि विचारलं, "आजी विडी ओढतात का?"

आत्याबाई तिथंच उखडल्या. "गळ्यात लिंग बांधलेली लिंगायताची बाई म्या, अन् विडी?"

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, "मग हा चुलीचा धूर आहे. तो बंद केला नाही तर माझं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आणि आजी फार दिवस काढणार नाहीत."

सिलिंडर होतं घरात, नाही असं नाही. पण ते चहाला आणि पाव्हण्यारावळ्यांना. शेतावर गडीमाणसं धरून भाकरींची चळत लागते आम्हाला. सिलिंडरवर भाकरी थापायला बसलं तर ते भरून आणता आणता नाकी नऊ येतील. म्हणून आमच्या मालकांनी योजनेतला गोबरगॅस बसवला. गोठ्यामागं खड्डा, खड्ड्यावर सिमेंटचा घुमट, एकीकडं शेण कालवायचा हौद, दुसरीकडून गाळ बाहेर, आणि स्वयंपाकघरापर्यंत नळी. कौतुक सगळं मालकांचं. पारावर बसून सांगायचे, "साखर कारखाना चिपाडावर वीज करतोय, आपण शेणावर गॅस करतोय, काय कमी आहे का?" कारखान्याची ती वीज कुणाच्या घरी जाते देव जाणे, आमच्या वाट्याला तर गाळप सुरू झालं की वाळत घातलेल्या पापडांवर काजळी तेवढी येते. पण हौदात हात कुणी घालायचे, ते पारावर कुणी बोललं नाही. ते माझ्याकडं आलं.

आता खरं ते खरं बोलायला पाहिजे. गॅस पेटला तेव्हा मीसुद्धा खूश झाले. निळी ज्योत, धूर नाही, तव्याला काळं नाही. भिंती पांढऱ्या राहायला लागल्या. खालून निघणारा गाळ वांग्यांना घातला तर वांगी अशी तकतकीत आली की शेजारीण मागायला आली. आणि मुख्य म्हणजे आत्याबाईंचा खोकला उतरला. ओसरीवर बसून लसूण सोलत शेजारणीशी भांडायच्या, म्हणजे दम पुरायला लागला होता. मी म्हटलं, चला, हातांना वास मारतो तर मारू दे.

पण ह्या बकासुराला रोज खायला लागतं. ट्रॅक्टर आला तेव्हा बैलजोडी गेली. राहिल्या दोन म्हशी, त्यातली एक भाकड. शेण पुरेना. त्यात आमचा भाग असा की उन्हाळ्यात माणसांना टँकरची वाट बघावी लागते, आणि ह्याला शेणाइतकंच पाणी पाहिजे! मी टँकरखाली भांडून घागर आणायची आणि ती शेणात ओतायची. जीव तुटायचा. थंडीत वेगळंच नाटक. खड्ड्यातलं गार पडलं की ज्योत मिणमिण करायची, आणि अर्धी भाकरी भाजलेली, अर्धी कच्ची. नळीत कुठं गळती असली की घरभर कुजक्या अंड्याचा वास. जेवायला बसलेला माणूस ताटावरून उठावा असा.

तेव्हा गवंडी म्हणाला, "संडासाची नळी जोडा की ह्याला. लई जागी जोडलीय. गॅस वाढतो."

मालकांनी जोडली. बरं, जोडली तर गप बसावं! पारावर जाऊन सगळ्या गावाला सांगितलं. दिवस मावळायच्या आत ते आत्याबाईंच्या कानावर आलं.

त्या ताटावर बसल्या होत्या. हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "हे कशावर केलंस?"

"गॅसवर."

"शिव शिव शिव," म्हणाल्या, आणि अंगणात जाऊन भडाभडा ओकल्या. तोंड धुतलं, परत आल्या आणि मुलाला, म्हणजे आमच्या मालकांना, म्हणाल्या, "आजपस्तोर तुझ्या घरचं खाल्लं. आता घरादाराचं हगलेलं खाऊ घालतूस व्हय रं?"

मालकांनी समजावून पाहिलं. गॅस वेगळा, घाण वेगळी, घाण खड्ड्यात कुजते, वर येतो तो नुसता वारा. त्या म्हणाल्या, "वारा कुठनं येतो ते म्हायतीय मला."

मी एकदा चिडून बोलले, "आत्याबाई, कपाळाला लावता ती विभूती शेणाचीच राख आहे. चंपाषष्ठीला रोडगा गोवऱ्यांच्या आरात भाजता, राख फुंकरून खाता. मग गोवरी चालते अन् गॅस चालत नाही?"

"ते गाईचं हाय," त्या म्हणाल्या. "हे तुझ्या नवऱ्याचं."

मला हसू आलं, आणि हसता हसता मलाच कसंतरी झालं. त्या दिवशी माझीही भाकरी घशाखाली उतरेना. शिकलेली आहे मी, बारावीपर्यंत. सगळं कळतं. पण कळणं डोक्यात असतं आणि ओकारी पोटात.

त्याहून कहर म्हणजे आत्याबाईंनी संडासात जाणं बंद केलं. दम लागलेली म्हातारी, डबा घेऊन पांदीकडं निघायची, बाभळीखाली टेकत टेकत. विचारलं तर म्हणाल्या, "माझं तुमच्या ताटात कशाला? मेल्यावर पाप लागंल मला." तुमचीआमची अक्कल ह्याला मूर्खपणा म्हणेल. त्यांच्या मनात मात्र ती नातवंडांच्या जेवणाची काळजी होती.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं तालुक्याहून एक साहेब आले योजना बघायला. मला म्हणे चांगलं लुगडं नेसा, शेगडीजवळ उभ्या रहा. साहेब स्वतः नाकाला रुमाल लावून हौदाच्या कडेला उभे, आणि रुमालातूनच बोलतात, "ताई, किती स्वच्छ, किती निर्मळ! खेड्यानं देशाला रस्ता दाखवायचा." फोटो झाले. मी चहा ठेवला, कप भरून पुढं केला. साहेबांनी शेगडीकडं बघितलं, नळीकडं बघितलं. "नको नको, आत्ताच झाला." कुठं झाला? गाडीतून उतरल्यापासून तर इथंच उभे होते! आत्याबाईंनी निदान तोंडावर सांगितलं, की मला किळस येते. ह्या माणसाची किळस इस्त्रीतली. म्हशीच्या शेणापेक्षा मला त्या रुमालाचा जास्त तिटकारा आला. त्यांचा चहा मी उकिरड्यावर ओतला.

इकडं आत्याबाईंनी गोठ्याच्या आडोशाला तीन दगड मांडले आणि आपली भाकरी आपण करायला सुरुवात केली. ओल्या पऱ्हाट्या, त्यांचा तो डोळे फोडणारा धूर, आणि धुरात बसलेली म्हातारी. पुन्हा तोच खोकला, वाकून वाकून, ओठ निळे पडेपर्यंत. डॉक्टरचे शब्द माझ्या कानात. मालक म्हणाले, "आईचा हट्ट आहे, ती ऐकणार नाही." असं म्हणून ते पारावर गेले. पुरुषांचं बरं असतं, हट्ट म्हटलं की जबाबदारी संपली.

मी काय केलं, त्यांना हाताला धरून उठवलं आणि चुलीपुढं मी बसले. म्हटलं, "तुमची भाकरी मी चुलीवर टाकीन. तुम्ही धुरात यायचं नाही." त्या कबूल झाल्या. रोजच्या भाकरीला सिलिंडर जाळायचं म्हटलं तर मालक पैशाचं रडगाणं लावायचे. तेव्हापासून सकाळी हौदात हात, मग गॅसवर सगळ्यांचं, मग आडोशाला चुलीवर त्यांचं. आत्याबाई ओसरीवर. त्यांचा खोकला कमी झाला. माझं डोकं दुखायचं, डोळे चुरचुरायचे, अंगाला एकीकडून शेणाचा आणि एकीकडून धुराचा वास मारायचा. कुणाच्या लग्नाला गेले तर बाया जराशा सरकून बसायच्या. मला माझीच शिसारी यायची.

असा पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी खोकायला लागले ते मला आधी कळलंच नाही. कामाच्या बाईला आपला खोकला कुठं ऐकू येतो? हवा बदलली, धूळ गेली, काहीतरी म्हणायचं आणि पदरानं तोंड पुसायचं. एकदा चुलीत फुंकर घालताना अशी उबळ आली की परातीवर हात टेकून बसले. थांबेचना. डोळ्यांपुढं काळोख आला.

वर बघितलं तर आत्याबाई उभ्या. ओसरीवरून आल्या होत्या, खांब न धरता.

"कवाधरनं खोकतीस?"

"काही नाही, धूर गेला घशात."

"म्या पण असंच म्हणायची," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बाजूची कळशी उचलली आणि चुलीत उपडी केली. चर्रर्र झालं, राख उडाली, तव्यावरची भाकरी तशीच राहिली. मी म्हटलं, "अहो आत्याबाई, पीठ वाया गेलं!"

"जाऊ दे पीठ. चल आत."

स्वयंपाकघरात येऊन त्या पाटावर बसल्या, शेगडीच्या समोर. नळी जिथून येते तिकडं त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं. मी शेगडी पेटवली. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आचेवर धरली. टम्म फुगली. ताटात घातली. वर तूप वाढलं, वासाला आडोसा म्हणून.

त्यांनी तुकडा मोडला. हातात धरून ठेवला. मी म्हटलं, "नसेल जात तर राहू द्या. मी सिलिंडरवर करते तुमची."

"किती दिस करशील?" म्हणाल्या, आणि डोळे गच्च मिटून तो तुकडा तोंडात घातला. चावला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, पोटातून उमासा वर आला, तो त्यांनी तोंडावर हात दाबून मागं ढकलला. आणि गिळला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं.

मी घाबरले. "आत्याबाई, काय होतंय?"

"किळस येतीय," त्या म्हणाल्या. "वाढ अजून."