म्हापशाची भोंवडी

क्रूझ म्हटल्यावर तुम्ही जरा पुढे सरकून बसला असाल. निळं पाणी, स्विमिंग पूल, कॅप्टनच्या टोपीतला माझा फोटो. फोटो आहे, पण टोपी वेटरची आहे. आणि बोट गेली कुठे? गोव्याला. मी मुळगावचा. म्हापशाहून बस पकडून मुंबईला गेलो आणि तिथून बोटीत बसून परत गोव्यालाच आलो.

तिकिटं धाकट्या आत्याच्या मुलाने आईवडिलांसाठी काढलेली. पण तिचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "मला बादलीतलं पाणी हललं तरी मळमळतं." म्हणून त्यांच्या जागी मी. मला नेतात ते बडबडीसाठी. मी आवाज काढतो. हेडमास्तरांचा, कंडक्टरचा, आणि आत्याचा तर असा, की काका आतल्या खोलीतून "आलो, आलो" करत बाहेर यायचे.

आत्याला बोटीचं काही पडलं नव्हतं. बोट गोव्यात एक दिवस थांबते, ते तिला हवं होतं. थोरली आत्या आमच्या घरी, मुळगावात, अंथरुणाला खिळलेली. डोळे गेलेले, डॉक्टरांनीही हात टेकलेले. दोघी बहिणी अकरा वर्षं बोलत नव्हत्या. त्यांची आई गेली तेव्हा थोरलीने मुंबईला कळवलं ते सगळं आटोपल्यावर. त्यावर धाकटी म्हणाली होती, "आता मुद्दाम म्हणून तुझ्या दारात येणार नाही." शब्द टाकला तो टाकला. मी मध्ये एकदा विचारलं, फोन लावून देऊ? तर म्हणाली, "फोन केला म्हणजे मुद्दाम झालं ना रे."

बोट थांबली, टूर म्हापशाला आली, मुळगाव तिथून काय लांब, म्हणून आले. हे मुद्दाम नव्हतं. मुंबई सोडल्यापासून ती हे वाक्य मनात घोळवत होती.

टूरचं काउंटर जिन्याशेजारी. कागदावर चार टूर: चर्चं, बीच, मसाल्याची बाग, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पुढच्या बाईने तीन वेळा मत बदललं. आमची पाळी आली तेव्हा आत्या घामाघूम. इतकी वर्षं मुंबईत काढलेली बाई, पण गोवा जवळ आला तशी तिची जीभही गावाला पोचलेली. म्हणाली, "आमकां भोंवडी जाय."

आमच्याकडे भोंवडी म्हणजे फेरी, सहल; जाय म्हणजे हवी. काउंटरवरची मुलगी पुण्याकडची. तिने ऐकलं भोवंड.

"अगंबाई, चक्कर येतेय का आजी?"

एवढंच मला सांगायचं होतं, की ताई, तसं नाही, म्हापशाची टूर द्या. पण मागे पंधरा माणसांची रांग. मी डोळे फिरवले, कपाळाला हात लावला आणि आत्याच्याच आवाजात, "गेले गे बाये, गेले!" करत खांबावर कोसळलो. रांग हसली. मुलगी नाही हसली. तिने फोन उचलला.

बोटीवरच्या डॉक्टरांनी आत्याच्या दंडाला पट्टा बांधला. प्रेशर वर. जाणारच, भांडत होती ती. "उद्या उन्हात उतरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. आत्याने हात जोडले, शेवटी रडली, तसं प्रेशर आणखी वर गेलं. टूरच्या यादीत माझं नाव राहिलं, तिचं खोडलं.

सकाळी बोट मुरगाव बंदराला लागली. ती पलंगावर बसून होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा. तिला सांग, येणार होते. मुद्दाम नव्हे, पण येणार होते."

म्हापशाला गाईडला सांगून मी टूर सोडली आणि टॅक्सीने घर गाठलं. थोरली आत्या जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, पडलेली. पावलं ऐकून मान वळवली. "कोण गे?"

गे म्हणाली. रे नाही. आईने तिला सांगून ठेवलं होतं, आज धाकटी येतेय. मी बोलायला तोंड उघडलं आणि धाकट्या आत्याचा आवाज बाहेर पडला. देवाशपथ, ठरवलं नव्हतं.

"बाय, मी गे. मुद्दाम नाय आले. बोट थांबली म्हणून."

तिचा चेहरा असा उजळला की मला तो आवाज थांबवेना. तिने हात पुढे केला, मी दिला. तिची बोटं माझ्या मनगटावर फिरली. खाली गेली, वर आली.

"बांगड्यो खंय तुझ्यो?"

माझं मनगट मोकळं.

"कधी गेले ते?" तिचा आवाज चिरकला. "आणि माका कळवलं पण नाय? बरोबर केलंस. मी आईचं कळवलं नाय, तू घोवाचं कळवलं नायस." आणि मुंबईत धडधाकट असलेल्या आमच्या काकांसाठी ती रडायला लागली.

"आत्ये, मी गे, मी! काका बरे आहेत!" मी माझ्या आवाजात ओरडलो. आई स्वयंपाकघरातून धावत आली.

थोरलीने माझा हात सोडला. म्हणाली, "म्हणजे ती येवंक नाय."

मग भिंतीकडे वळली. मी निघालो तरी वळलेलीच होती.

बोट चारला सुटायची, त्याच्या आत पोचलो. आत्याने विचारलं, काय म्हणाली? खोटं सांगायला मला शंभर आवाज येतात, पण एकही निघाला नाही. सगळं सांगितलं. तशी ती हातातल्या हिरव्या बांगड्या एकेक करून काढायला लागली. मला वाटलं मारणार. तिने त्या माझ्या मांडीवर आपटल्या.

"घे! घाल! पुढच्या खेपेला ह्या पण घालून जा, मेल्या! माझो आवाज तिच्याकडे घेऊन गेलास आणि माका हंय बसवलंस? आता मी मुद्दाम गेले, तिच्या उशाशी बसून घसा फाडला, तरी ती काय म्हणतली? पोर परत नकला करता!"