देऊचा खांदा

दिनानाथ पेंटरनं उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या आपल्या टिचभर दुकानात चाळीस वर्षं फक्त मेलेली माणसं रंगवली. लोक नखाएवढा फोटो आणत आणि तो त्यातून भिंतीवर हार घालण्याजोगा साहेब काढून देई. कोट-टाय सगळ्यांना! हयातीत ज्याला धड सदरा मिळाला नाही, त्यालाही. गिऱ्हाइकाला तेच हवं असे, आणि हाताला तेच वळण पडलं.

खरं तर गडी यासाठी जन्मला नव्हता. तरुणपणी रद्दीवाल्याकडे त्याला एकोणिसाव्या शतकातल्या एका रशियन चित्रकाराचं पुस्तक सापडलं होतं. तोही हलाखीत वाढलेला, पोटासाठी आधी देवांच्या तसबिरी रंगवणारा. पुढे त्यानं नदीकाठानं बोट ओढणारे फाटके मजूर असे रंगवले, की बघणाऱ्याचाच खांदा दुखावा. उजव्या हातानं दगा दिल्यावर पठ्ठ्या डाव्यानं काढत राहिला. ‘एक तरी असं चित्र काढीन,’ असं दिनानाथ बायकोला, मालिनीला, दरवर्षी सांगे. सांगता सांगता काचबिंदूनं डोळे खाल्ले. यंदा डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत दिसेल तेवढं बघून घ्या.

त्याच आठवड्यात बारवी धरणाकडच्या पाड्यावरून भिकी आली. तिचा नवरा देऊ साप चावून गेला होता. आधार कार्डावरचा काळपट फोटो तेवढा उरला होता. दिनानाथनं जीव ओतून चित्र काढलं. भिकीनं ते पाहिलं आणि ती मागेच सरली.

“ह्यो कोन सायब? माजा देऊ नाय ह्यो.”

कोट! त्या रशियनाला जन्मभर पुजलं, आणि खरा मजूर दारात आला तर त्यालाही कोट चढवला. दिनानाथला स्वतःची भयंकर लाज वाटली.

“कसा होता, सांग बाई.”

“उघडाच असायचा. ह्या खांद्याव गाठ व्हती, मोळ्या वाहून वाहून.”

त्यानं कोट खरवडून काढला. दिवस कमी होते. शेवटी शेवटी तो खांदा बोटांनीच चाचपून रंगवत होता.

दिवाळीच्या तोंडावर भिकी आली. तिनं त्या गाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “ह्योच.”

“आणि चेहरा? चेहरा जमलाय का?”

“तुमीच काडलाय ना? बगा की.”

दिनानाथनं मान पुढे केली, पार नाक टेकेपर्यंत. त्याला नुसतं मातकट काहीतरी दिसलं.