अक्कांची हुग्गी आणि विहीणबाईंची वाईन

एका भाजीवाल्याने महानंदाअक्कांना कधीतरी पोकळ काकड्या दिल्या होत्या. तेव्हापासून अक्का रोज त्याच्या गाडीसमोर थांबायच्या, त्याच्याकडे नीट बघायच्या आणि शेजारच्या गाडीवरून भाजी घ्यायच्या. तो बिचारा नमस्कार करायचा. अक्का पिशवी या हातातून त्या हातात घ्यायच्या आणि चालू लागायच्या.

आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, उंच, गोऱ्या, कपाळावर विभूतीची रेघ आणि गळ्यात लिंग. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण रागावल्या की घरच्या बोलीवर यायच्या. "मी विसरत न्हाई बघ," हे त्यांचं पालुपद. हे त्या कौतुकाने सांगत, आणि आम्ही घाबरून ऐकत असू.

त्यांची एकुलती एक लेक स्वरूपा पुण्यात दिली होती. सासू इटली फिरून आलेली, आणि तिथून एक हौस घेऊन आलेली: लाल, निमगोड, फेसाळणारी लाम्ब्रुस्को वाईन. घरी लोक बोलवायचे, ती गार करून पाजायची आणि कशाबरोबर काय खावं यावर भाषण द्यायचं. अशाच एका बैठकीत स्वरूपाने कौतुकाने माहेरची शेंगा चटणी मांडली. सासूबाईंनी सगळ्यांदेखत बरणी उचलून कचऱ्यात रिकामी केली. "असलं तिखटजाळ खाल्लं की जिभेला वाईन कळते का? आता माहेरच्या सवयी सोड." त्या दिवसापासून स्वरूपाने स्वतःच्या घरात चटणी खाणं सोडलं. फोनवर हे सांगताना ती रडली.

अक्का रडल्या नाहीत. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. "माझ्या लेकीच्या ताटातला घास काढला तिनं. मी सोडणार न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू पितोस ते अख्ख्या कॉलनीला ठाऊक हाय. आता जरा माझ्या कामासाठी पी की!"

माझी बायको हसून हसून बेजार झाली. मी पुण्याहून तीच वाईन आणली. ती आमच्याच फ्रीजमध्ये राहिली, कारण अक्कांच्या उंबऱ्याच्या आत दारू जाणं शक्य नव्हतं. त्या स्वतः वासही घेत नसत. मला एकेक पदार्थ खायला घालत आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बसत. कडक भाकरी, दही आणि शेंगा चटणीबरोबर वाईन झकास लागली. फेसाने तेलकटपणा धुतला जाई आणि किंचित गोडव्याने तिखट निवे. भरल्या वांग्याबरोबरही छान. मग त्यांनी हुग्गी पुढे केली, म्हणजे गव्हाची खीर, भरपूर गूळ घातलेली. ती खाऊन मी घोट घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. त्या गोडावर तीच वाईन पाणचट, आंबटढाण लागत होती.

"साकु," अक्का म्हणाल्या. कानडीत म्हणजे पुरे. अक्कांना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

स्वरूपाच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी सासरची मंडळी सोलापूरला बोलावली. "विहीणबाई, तुमची ती वाईन आणा की. आमच्या लोकांनाबी कळू दे," असं फोनवर गोड आवाजात सांगितलं. पंगत आमच्या गच्चीवर. विहीणबाईंनी ग्लास भरून घेतले आणि भाषण सुरू करणार, तोच अक्का पातेलं घेऊन हजर. "आमच्यात पयला घास गोडाचा. पाहुण्यांनी न्हाई म्हणायचं न्हाई." वर तुपाची धार. सगळ्यांनी वाटीभर हुग्गी चाटूनपुसून खाल्ली.

मग विहीणबाई वाईनबद्दल बोलल्या, बरंच बोलल्या, आणि सगळ्यांनी घोट घेतला. त्यांच्या दिरांनी खोकून ग्लास खाली ठेवला. "वहिनी, आंबली की काय ही?" विहीणबाईंचा चेहरा उतरला. बाटली खराब निघाली म्हणत त्यांनी दुसरी उघडली. तेवढ्यात अक्कांनी आग्रहाने हुग्गीची दुसरी वाटी वाढली होती. दुसरी बाटलीही तशीच लागली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

"स्वरूपा," अक्का म्हणाल्या, "भाकरी, दही आन् चटणी वाढ. पयल्यांदा तुझ्या सासूला."

स्वरूपाने वाढलं. चार घास झाल्यावर त्याच दिरांनी सहज ग्लास उचलला आणि ओरडले, "अहो, आता काय मस्त लागतेय! चटणी वाढा अजून!" बाकीच्यांनीही बरणी फिरवली. विहीणबाई मान खाली घालून खात राहिल्या. पुण्याच्या घरात त्यानंतर चटणीची बरणी टेबलावर राहू लागली. पण अक्कांनी विहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

गेल्या वर्षी अक्का अंथरुणाला खिळल्या. विहीणबाईंनी मला फोन केला. "त्या माझा फोन घेत नाहीत. मी चुकले म्हणावं. मला माफ केलं का, एवढंच विचाराल?"

मी उशाशी बसून विचारलं. अक्का म्हणाल्या, "केलं म्हणून सांग." मी फोन काढला, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "आत्ता न्हाई. मी गेल्यावर."

अक्का गेल्या. विहीणबाईंचा परवाच पुन्हा फोन आला. "जाण्याआधी काही म्हणाल्या होत्या का हो?"

अक्कांसारखाच मीही काही विसरलो नव्हतो. मी म्हणालो, "आठवून सांगतो."